मन आणि व्यसन दोन्ही जाणणारा थेरपिस्ट कसा शोधावा: ठाणे आणि नवी मुंबईकरांसाठी

घरातले कोणी रोज पिऊ लागले, त्याच माणसाची झोप उडाली, चिडचिड वाढली आणि कामावर दांड्या पडू लागल्या, की नातेवाईक आणि शेजारी दोन प्रकारचे सल्ले देतात. एक म्हणतो, 'व्यसनमुक्ती केंद्रात टाका', दुसरा म्हणतो, 'चांगल्या काउन्सेलरला दाखवा'. दोन्ही सल्ल्यांमागे कळकळ असते, पण दुखणे एकाच माणसाचे असूनही त्याची वाटणी दोन दारांत होते आणि बहुतेक घरे त्यांतले एकच दार ठोठावतात. या लेखाचा आग्रह एवढाच आहे की ज्याच्याकडे मदत मागायची, त्याने पहिल्या भेटीतच मनाबद्दलही विचारले पाहिजे आणि नशेबद्दलही. उदासीवर गोळ्या लिहून देणारा पण किती पिता हे न विचारणारा डॉक्टर आणि दारू सोडवण्याची हमी देणारे पण जीव नकोसा वाटतो का हे न विचारणारे केंद्र, या दोघांच्याही हातून उपचार अर्धवटच राहतात.

दारू मेंदूचे काम तात्पुरते मंद करते, त्यामुळे पहिल्या तासात भीती आणि काळजी कमी झाल्यासारखी वाटते. पण रात्रीची झोप तुटक होते, दुसऱ्या दिवशी धडधड आणि अस्वस्थता वाढते, आणि ती शमवण्यासाठी संध्याकाळी पुन्हा ग्लास भरला जातो. उलट बाजूने, रोजच्या पिण्यामुळेही खोल उदासी येऊ शकते आणि तशी उदासी पिणे पूर्ण थांबल्यावर दोन ते चार आठवड्यांत बरीच ओसरताना दिसते. म्हणूनच अनुभवी मनोविकारतज्ज्ञ पहिल्या दिवशी ठाम निदान करण्याची घाई करत नाही, काही आठवड्यांनी पुन्हा तपासतो. मात्र उदासी पिण्याच्या कितीतरी आधीपासून असेल, किंवा आत्महत्येचे विचार येत असतील, तर 'आधी दारू सोडा, मग बघू' हे उत्तर चालणार नाही. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत, दारूचे अवलंबित्व असलेल्या ३८ जणांमागे एकालाच काही ना काही उपचार किंवा मदत मिळाल्याचे आढळले होते. तेव्हा शोध अवघड वाटत असेल तर त्यात त्या कुटुंबाचा काही कमीपणा नाही.

आधी तातडी आहे का ते पाहावे

काही परिस्थितींत थेरपिस्ट शोधत बसण्याइतका वेळ नसतो. अनेक महिने किंवा वर्षे रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने दारू अचानक बंद केली, तर सहा ते चोवीस तासांत हात थरथरणे, घाम आणि मळमळ सुरू होऊ शकते. पहिल्या दोन दिवसांत फिट येण्याचा धोका असतो, आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी काहींना भ्रम होऊ लागतात: भिंतीवर किडे दिसतात, वेळ-काळाचे भान सुटते, ताप चढतो. ही अवस्था जिवावर बेतू शकते. घरच्यांना वाटते की 'उतरते आहे, थोडे सोसू दे', आणि नेमका तोच वेळ रुग्णालयात नेण्याचा असतो. अशा वेळी १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी आणि जिथे फिजिशियन आणि आयसीयूची सोय आहे अशा सर्वसाधारण रुग्णालयात जावे. खोल्या भाड्याने घेऊन चालवलेल्या व्यसनमुक्ती केंद्रात या टप्प्यावर नेऊ नये. झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्यांची अनेक महिन्यांची सवय असेल तर त्याही एकदम बंद करू नयेत, कारण त्यांच्या बाबतीतही फिट येण्याचा असाच धोका असतो.

दुसरी तातडी आत्महत्येच्या विचारांची. आत्महत्येबद्दल थेट विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. विचारावे, आणि उत्तर 'हो' असेल तर त्या माणसाला एकटे न ठेवता, घरातली औषधे आणि कीटकनाशके बाजूला करून त्याच दिवशी रुग्णालयात घेऊन जावे. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर ती चोवीस तास, निःशुल्क आणि मराठीतही मिळते. फक्त नशेसंबंधी मार्गदर्शन हवे असेल तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. या दोन्ही क्रमांकांवर रुग्णाऐवजी पत्नी, आई किंवा मित्राने फोन केला तरी चालतो.

कोणाकडे कशासाठी जावे

ठाण्यात नौपाड्यापासून घोडबंदर रोडपर्यंत आणि नवी मुंबईत ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत 'काउन्सेलर' अशा पाट्या भरपूर दिसतात, पण त्या पाट्यांमागे बसलेल्या माणसांचे प्रशिक्षण एकसारखे नसते. मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे सायकियाट्रिस्ट, हा एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्रात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेला डॉक्टर असतो. औषधे लिहून देण्याचा, दारू सुरक्षितपणे उतरवण्याचा आणि ॲडमिट करायचे की नाही हे ठरवण्याचा अधिकार त्याचा. त्याची नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे असते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषधे देत नाही. तो मानसिक चाचण्या आणि शास्त्रशुद्ध मानसोपचार करतो, आणि त्याचे नाव भारतीय पुनर्वास परिषदेच्या म्हणजे आरसीआयच्या नोंदवहीत असते. हा नोंदणी क्रमांक मागावा आणि परिषदेच्या संकेतस्थळावर पडताळून पाहावा. क्रमांक विचारल्याचा राग येणाऱ्या माणसाकडे पुन्हा जाण्याचे कारण उरत नाही.

समुपदेशकाचे मात्र तसे नाही. मानसशास्त्रात एमए करून, अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली वर्षानुवर्षे काम केलेले उत्तम समुपदेशक या परिसरात आहेत, आणि काही आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स करून पाटी लावलेलेही आहेत. २०२१ मध्ये संसदेने संमत केलेल्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांच्या कायद्यात समुपदेशकांचा समावेश आहे, परंतु आज तरी पाटीवरून पात्रता ठरवता येत नाही. म्हणून पदवी कोणत्या विद्यापीठाची, प्रत्यक्ष रुग्णांसोबतचे प्रशिक्षण कुठे झाले आणि सध्या कोणाच्या देखरेखीखाली काम करता, एवढे तरी विचारायलाच हवे. वैद्यकीय आणि मनोविकार क्षेत्रातले सामाजिक कार्यकर्ते हा आणखी एक वर्ग आहे आणि त्याच्याकडे लोकांचे फारसे लक्ष जात नाही. टाटा समाजविज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी शिकलेले असे कार्यकर्ते मोठ्या रुग्णालयांत असतात, आणि कुटुंबाशी बोलणे, कामाच्या ठिकाणी पत्र देणे, सरकारी योजनांची वाट दाखवणे यांत त्यांचा हात कोणी धरणार नाही.

मन आणि व्यसन दोन्ही असतील तर सुरुवात मनोविकारतज्ज्ञापासून करावी आणि बोलण्याच्या उपचारांसाठी सायकॉलॉजिस्ट किंवा समुपदेशक त्याच्या जोडीला घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण साधे आहे: यकृताची तपासणी, फिटचा धोका, आधीच्या गोळ्यांचा परिणाम या गोष्टी डॉक्टरच पाहू शकतो. त्यानंतर दोघे एकमेकांशी बोलतात का, हा प्रश्न फीपेक्षाही महत्त्वाचा ठरतो.

या परिसरातली ठिकाणे

मुंबईच्या मराठीत कोणी विचित्र वागले की 'याला ठाण्याला पाठवा' असे म्हणण्याची जुनी खोड आहे. त्या चेष्टेने झालेले नुकसान असे, की राज्यातल्या चार जुन्या प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक आपल्याच शहरात, १९०१ पासून उभे असताना, कित्येक ठाणेकर त्याच्या फाटकातून आत जायला कचरतात. तिथे बाह्यरुग्ण विभाग आहे. केसपेपर काढून, तपासून, औषध घेऊन माणूस दुपारी घरी परततो. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील तपासणी आणि उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क आहेत आणि हे रुग्णालय त्याच विभागाचे आहे. गर्दी असते, बोलायला वेळ कमी मिळतो, हे खरे आहे, त्यामुळे निदान आणि औषधे तिथून आणि समुपदेशन दुसरीकडून अशी सांगड घालणे शहाणपणाचे.

कळव्याला ठाणे महापालिकेचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे आणि त्याला राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय जोडलेले आहे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाचा फायदा असा की मनोविकार विभाग आणि औषधवैद्यक विभाग एकाच आवारात असतात, त्यामुळे कावीळ, फिट किंवा रक्ताची उलटी यांसाठी रुग्णाला शहरभर फिरवावे लागत नाही. नवी मुंबईकरांना हीच सोय नेरूळच्या डी. वाय. पाटील रुग्णालयात आणि कामोठ्याच्या एमजीएम रुग्णालयात मिळते. ट्रान्स-हार्बर मार्गामुळे ऐरोली किंवा कोपरखैरण्याच्या माणसाला ठाणे गाठणेही अवघड नाही. शेजारपाजाऱ्यांच्या नजरेची भीती असणारे काही जण मुद्दाम दुसऱ्या शहरातला डॉक्टर निवडतात. मात्र आठवड्याला एक भेट सहा महिने निभवायची असेल, तर दीड तासाचा प्रवास हेच पुढे न जाण्याचे निमित्त होते, हे आधीच लक्षात घ्यावे.

संस्थांमध्ये ठाण्याची इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ, म्हणजे आयपीएच, १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या पुढाकाराने सुरू झाली. तिथे मनोविकारतज्ज्ञ, सायकॉलॉजिस्ट आणि समुपदेशक एकाच छताखाली आहेत आणि बोलणे मराठीतून होते. निवासी व्यसनमुक्ती उपचारांसाठी ठाण्यातली अनेक कुटुंबे पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात जातात. डॉ. अनिल आणि डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ मध्ये, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने हे केंद्र उभे केले. स्त्रियांसाठी तिथे 'निशिगंध' हा वेगळा विभाग आहे आणि व्यसनी पुरुषांच्या पत्नींसाठी 'सहचरी' गट चालतो. फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये सुरू केलेले कृपा फाउंडेशन हे मुंबई परिसरातले आणखी एक जुने नाव.

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे ए.ए., ही संघटना उपचार करत नाही, फीही घेत नाही. दारू सोडलेली आणि सोडू पाहणारी माणसे ठरलेल्या वेळी एकत्र बसून आपापले अनुभव सांगतात, आणि मराठीतून चालणारे गटही आहेत. कुटुंबीयांसाठी अल-अनॉन आहे. डॉक्टरकडे जाण्याला ए.ए. हा पर्याय ठरत नाही, पण थेरपीच्या दोन भेटींमधली संध्याकाळ कशी काढायची, याचे उत्तर तिथे बसलेल्या माणसाइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक नसते.

फोनवर काय विचारावे

भेटीची वेळ घेतानाच चार-पाच गोष्टी विचारून घेतल्या तर पुढची पायपीट वाचते. व्यसन आणि मानसिक आजार दोन्ही असलेले रुग्ण आपण पाहता का, हा पहिला प्रश्न. 'आधी सहा महिने कोरडे राहा, मग या' असे उत्तर आले तर दुसरा क्रमांक फिरवावा. कोणत्या पद्धतीने काम करता, हेही विचारावे. विचार आणि वर्तन बदलण्यावर भर देणारी सीबीटी, अल्बर्ट एलिस यांची आरईबीटी, रुग्णाच्या मनातली दुविधा सोडवत त्याची स्वतःची इच्छा जागवणारी प्रेरणादायी मुलाखत, कौटुंबिक उपचार, अशी नावे कानावर पडतील. ती पाठ करण्याची गरज नाही. समोरच्याला आपली पद्धत साध्या मराठीत दोन वाक्यांत सांगता येते का, एवढेच पाहावे. मग सत्र किती मिनिटांचे, फी किती, भेट चुकली तर काय, ऑनलाइन सत्र मिळते का आणि अडीअडचणीला रात्री कोणाला फोन करायचा, हे विचारून घ्यावे. एक सत्र साधारण पाऊण ते एक तासाचे असते. मनोविकारतज्ज्ञाची पाठपुराव्याची भेट मात्र दहा-पंधरा मिनिटांत संपते आणि त्यात वावगे काही नाही.

भाषेचा मुद्दा अनेक जण संकोचाने विचारत नाहीत. ऑफिसात दिवसभर इंग्रजी बोलणारा माणूसही वडिलांच्या माराबद्दल किंवा पहिल्या बाळाच्या मृत्यूबद्दल बोलताना मराठीवर येतो, आणि एपीएमसी बाजारातल्या माथाडी कामगाराला तर दुसरा मार्गच नसतो. ज्या भाषेत रडू येते ती भाषा कळणारा थेरपिस्ट मागणे, हा हट्ट समजू नये.

व्यसनमुक्ती केंद्र निवडताना

लोकलच्या डब्यात आणि सार्वजनिक भिंतींवर 'रुग्णाच्या नकळत दारू सोडवा' अशा चिठ्ठ्या चिकटवलेल्या असतात. त्या क्रमांकावरून मिळणाऱ्या पुडीत काय आहे, हे घेणाऱ्याला कळत नाही. डायसल्फिराम नावाचे खरे औषध अस्तित्वात आहे. ते घेतलेल्या माणसाने दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, धडधड आणि उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. ते केवळ रुग्णाच्या पूर्ण संमतीने, हृदय आणि यकृत तपासून द्यायचे औषध आहे. चहात गुपचूप मिसळून दिले आणि त्या माणसाने संध्याकाळी नेहमीप्रमाणे घेतली, तर जीव जाऊ शकतो. तलफ कमी करणारी नॅलट्रेक्सोन आणि अकॅम्प्रोसेट यांसारखी औषधेही आहेत, पण तीही डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच आणि रुग्णाला सांगूनच द्यायची असतात.

निवासी केंद्रांच्या बाबतीत मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ ठाऊक असणे फार उपयोगी पडते. हा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे, आणि त्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येतच दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्था येतात. त्यामुळे अशा रुग्णांना ठेवून घेऊन उपचार करणाऱ्या केंद्राला मानसिक आरोग्य आस्थापना म्हणून नोंदणी लागते. नोंदणीचे प्रमाणपत्र दाखवा, असे सरळ म्हणावे. मनोविकारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतो, रात्री परिचारिका असते का, फोनवर बोलू देतात का, कुटुंबाला वार्ड पाहू देतात का, हेही विचारावे. कायद्याने रुग्णाला साखळीने बांधायला पूर्ण मनाई आहे, बळजबरीने डोके भादरायला मनाई आहे आणि बाहेरच्यांशी संपर्क ठेवण्याचा हक्क आहे. 'पहिला महिना भेट नाही, फोन नाही' हा नियम अभिमानाने सांगणाऱ्या केंद्रात माझा माणूस असता तर मी त्याला तिथे ठेवला नसता.

रात्री गाडी घेऊन येऊन माणसाला उचलून नेणारी केंद्रे आहेत आणि थकलेली कुटुंबे त्यांना पैसे देतात. त्यांची हतबलता समजते, पण ही पद्धत बेकायदेशीर आहे. रुग्णाची संमती नसेल, तर नामनिर्देशित प्रतिनिधीचा, म्हणजे रुग्णाच्या वतीने निर्णयांत साथ देणाऱ्या व्यक्तीचा, अर्ज आणि दोन तज्ज्ञांनी, ज्यांत एक मनोविकारतज्ज्ञ असला पाहिजे, स्वतंत्रपणे केलेली तपासणी आवश्यक असते. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका आहे, किंवा स्वतःची काळजी घेणे अशक्य झाले आहे, असे त्यांना आढळावे लागते, आणि असे दाखल करणे सुरुवातीला जास्तीत जास्त ३० दिवसांचे असते. स्वेच्छेने दाखल झालेल्या प्रौढ रुग्णाला घरी जाण्याची मागणी करता येते. शंभर टक्के यशाची हमी देणाऱ्या जाहिरातीबद्दल वेगळे काही लिहायची गरज वाटत नाही.

गांजा, एमडी (मेफेड्रोन) किंवा अन्य बेकायदा पदार्थ असतील तर पोलिसांच्या भीतीने कुटुंबे वर्षानुवर्षे गप्प राहतात. डॉक्टर उपचारासाठी आलेल्याची वर्दी देत बसत नाहीत. शिवाय एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये, केवळ सेवनाचा किंवा अल्प प्रमाण बाळगल्याचा आरोप असलेल्या व्यसनी व्यक्तीने सरकारी किंवा सरकारमान्य संस्थेत स्वेच्छेने उपचार घेतले, तर खटल्यापासून संरक्षण देण्याची तरतूद आहे. प्रत्यक्ष गुन्हा दाखल झाला असेल तर वकिलाला हे कलम आवर्जून दाखवावे.

पहिल्या भेटीची तयारी

कागदावर लिहून न्यावे. काय घेतले जाते, किती, केव्हापासून, शेवटचे केव्हा, आणि बंद केल्यावर काय होते, ही माहिती डॉक्टरला हवी असते. 'थोडीशी घेतो' या उत्तरातून काहीच कळत नाही. व्हिस्कीच्या एका क्वार्टरमध्ये, म्हणजे १८० मिलिलीटरमध्ये, साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते आणि भारतात एक प्रमाणित पेय १० ग्रॅमचे धरले जाते. म्हणजे रोज एक क्वार्टर घेणारा माणूस दिवसाला सहा पेये घेतो आहे. जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' ही दहा प्रश्नांची प्रश्नावली घरी बसून भरता येते; त्यात आठ किंवा अधिक गुण आले तर पिणे धोक्याच्या पातळीवर आहे असे समजतात. जुने केसपेपर, सध्याच्या सर्व गोळ्यांची पाकिटे, आयुर्वेदिक आणि होमिओपॅथीची औषधे धरून, सोबत न्यावीत. घराण्यात कोणाला मनाचा आजार, आत्महत्या किंवा व्यसन होते का, हे आईला किंवा आत्याला आधीच विचारून ठेवावे, कारण ऐनवेळी ते आठवत नाही आणि आठवले तरी सांगावेसे वाटत नाही.

सोबत कोणी असेल तर काही वेळ रुग्णाला एकट्याने बोलू द्यावे. चांगला डॉक्टर हे स्वतःच सुचवतो. नैराश्यावरच्या औषधांचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात, आणि ती झोपेच्या गोळ्यांसारखी सवय लावणारी नसतात. पण मनाने एकदम बंद केली तर त्रास होतो. त्यामुळे दहा दिवसांत 'काही फरक नाही' म्हणून डॉक्टर बदलण्यात अर्थ नाही.

माणूस यायला तयारच नसेल तर

बहुतेक घरांत खरी अडचण हीच असते, आणि तिच्यावरचा उपाय म्हणजे आधी घरच्यांनी जाणे. आयपीएचसारख्या संस्थांत किंवा मनोरुग्णालयाच्या सामाजिक कार्यकर्त्यांकडे पत्नी किंवा आई एकटी जाऊन सल्ला घेऊ शकते, आणि तिचे बोलणे, तिची वागण्याची पद्धत बदलली की कित्येकदा तो माणूस महिना-दोन महिन्यांत दारापर्यंत येतो. प्यायलेला असताना वाद घालू नये. सकाळी, डोके ठिकाणावर असताना, एखादीच ठोस घटना सांगून बोलावे. 'तू सगळ्यांचे वाटोळे केलेस' यापेक्षा 'परवा पिल्लूच्या शाळेतून फोन आला तेव्हा तू उठला नाहीस' हे वाक्य जास्त आत पोचते. त्याच्या सुपरवायझरला 'ताप आहे' असे खोटे सांगणे, वाइन शॉपची उधारी फेडणे, हे थांबवावे. मात्र मारहाण होत असेल तर समजावण्याचे प्रयोग बाजूला ठेवून आधी स्वतःची आणि मुलांची सुरक्षितता पाहावी. ११२ हा आपत्कालीन क्रमांक त्यासाठी आहे.

पैसे, विमा आणि गुप्तता

खासगी सत्रांची फी काही शेकड्यांपासून काही हजारांपर्यंत असते. परवडत नसेल तर तसे स्पष्ट सांगावे. अनेक संस्थांमध्ये आणि काही खासगी थेरपिस्टांकडे उत्पन्नानुसार सवलत असते, पण ती विचारल्याशिवाय मिळत नाही. २०१७ च्या कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारासाठी शारीरिक आजाराप्रमाणेच संरक्षण देणे बंधनकारक केले आहे. यात एक मेख आहे: बहुतेक पॉलिसींमध्ये दारू आणि अन्य व्यसनांवरचे उपचार वगळलेल्या बाबींच्या यादीत असतात, आणि बाह्यरुग्ण सत्रांचा खर्चही सहसा मिळत नाही. त्यामुळे ॲडमिट होण्यापूर्वी निदान कोणत्या शब्दांत लिहिले जाणार, हे डॉक्टरशी बोलून घ्यावे आणि टीपीएकडून, म्हणजे विम्याचे दावे हाताळणाऱ्या संस्थेकडून, लेखी उत्तर घ्यावे. खोटे निदान लिहून मागणे मात्र अंगाशी येते.

रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. कंपनीला, सोसायटीला किंवा लग्न जुळवणाऱ्या नातेवाइकांना डॉक्टर काही सांगू शकत नाही. जिवाला धोका असेल किंवा न्यायालयाने मागितले असेल, असे मोजके अपवाद आहेत आणि ते थेरपिस्टने पहिल्याच भेटीत समजावून सांगायला हवेत.

जमते आहे की नाही

तीन-चार सत्रांनंतर स्वतःला विचारावे की खरे बोलता येते आहे का. काल प्यायलो हे थेरपिस्टपासून लपवावेसे वाटत असेल, तर त्याला तेच सांगून पाहावे. जो ते ऐकून रागावतो, उपदेश करतो किंवा उपचार बंद करण्याची धमकी देतो, त्याला व्यसनाचे काम येत नाही, कारण पुन्हा घसरणे हा या आजाराचा नेहमीचा भाग आहे आणि त्या घसरणीत काय घडले हे तपासणे हेच थेरपीचे मुख्य काम आहे. याउलट कधी कधी सत्रातून बाहेर पडताना वाईट वाटते, टोचते. तेवढ्यावरून थेरपिस्ट बदलू नये. अंगचटीला येणे, पैशांचा व्यवहार करणे, स्वतःच्या गुरूकडे किंवा विशिष्ट उत्पादनाकडे वळवणे यांपैकी काही झाले तर मात्र त्याच दिवशी थांबावे आणि संबंधित परिषदेकडे तक्रार करावी.

थेरपिस्ट बदलायचा ठरला तर न कळवता नाहीसे होण्यापेक्षा एक शेवटची भेट घेऊन आतापर्यंतच्या उपचारांचा सारांश मागावा. आपल्या वैद्यकीय नोंदी मिळण्याचा हक्क कायद्याने रुग्णाला दिला आहे. कोणती औषधे किती मात्रेत दिली, कोणती लागू पडली नाहीत, शेवटची घसरण केव्हा झाली, एवढे त्या कागदावर असले की नव्या डॉक्टरला पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. औषधे चालू असतील तर नवी वेळ मिळेपर्यंत पुरतील एवढी चिठ्ठी त्याच भेटीत घ्यावी.